वीस मिलिसेकंद

तुओमोने ते माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा
मला वाटलं, कुणाच्या तरी किल्ल्यांतून निसटलेलं काहीतरी.
आगपेटीच्या निम्मं. करडं प्लॅस्टिक,
कडी ओवायला कोपऱ्यात भोक,
आणि मधोमध नखाएवढा पडदा.
“खेळ आहे,” तो म्हणाला. “पण आतला खेळ आपणच लिहायचा.”

चष्मा कपाळावरून खाली आला.
बहात्तर ठिपके आडवे, चाळीस उभे,
एवढ्याशा अंगणात वरून बर्फ पडत होता, ठिपक्याठिपक्याने,
आणि खाली एक चौकोनी ठोकळा तो बाजूला सारत होता.
“ही पेन्ट्टीची गाडी,” तो म्हणाला.
पेन्ट्टी, जो पहाटे चारला आमची गल्ली खरवडतो
आणि ज्याला सगळे मनातल्या मनात शिव्या देतात.

“जिंकायचं कसं?”
“जिंकायचं नाहीये. बस यायच्या आत रस्ता मोकळा हवा.
मग पुढची बस.”

अडचण वेगळीच होती.
बटण एकदा दाबलं की गाडी कधी एक घर सरके, कधी दोन.
चार संध्याकाळी तो लॅपटॉपला डोकं लावून बसला होता,
एकेक ओळ वर-खाली वाचून.
वाचनालयातल्या वर्गातला मोठा मुलगा म्हणाला, कोडमध्ये चूक नाही.
“मग चूक कुठेय?” त्याने मला विचारलं,
म्हणजे मला नाही, खिडकीला.
शेजारच्या म्हातारीला असलं कोण विचारतं.

मी डोळे मिटून अंगठा टेकवला.

एकोणीस वर्षं मी सालोच्या कारखान्यात बटणं दाबली.
फोन पुढे यायचा, मी दाबायची, फोन पुढे जायचा.
पाच हे बटण सगळ्यात जास्त दाबलंय मी,
माझ्या मुलीच्या दाराच्या घंटीपेक्षा कितीतरी जास्त.
मग एके दिवशी पट्टा थांबला,
आणि माणसं आपापला कप घेऊन पार्किंगमध्ये उभी राहिली.
(माझा कप अजून आहे. कान तुटलाय.)

बटणाखाली पत्र्याची टिकली असते, फुगीर.
दाबली की खाली बसते. पण लगेच नाही बसत.

मी कॉफीच्या पातेल्यावर झाकण टाकलं, उंचावरून.
किण्ण्, किण् किण् किण, कि.
“हे कितीदा पडलं?”
“एकदा.”
“तुझ्या यंत्राला विचार. ते म्हणेल, पाचदा.
ते फार चटपटीत आहे रे बाबा,
टिकली थरथरते तीसुद्धा मोजतं.
त्याला सांग, पहिला आवाज आला की गप्प बस.
वीस मिलिसेकंद.
मग बघ, बोट अजून खाली आहे का.
असेल तरच खरं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं,
जसं बंद पडलेलं घड्याळ अचानक टोल देतं
तेव्हा माणसं भिंतीकडे पाहतात.

मग दोन बोटांनी टकटक. वायर जोडली, वायर काढली.
पेन्ट्टीची गाडी एक घर सरकली.
एक. परत एक.
बाहेर साडेतीनलाच अंधार पडला होता,
खरा बर्फही भुरभुरत होता, त्याचं आम्हाला काही नव्हतं.

मंगळवारी तो पुन्हा आला, बूट न काढताच आत.
ओळींच्या त्या जंगलात बोट ठेवून म्हणाला, वाच.
थांबायच्या वेळेला त्याने नाव दिलं होतं:

सिर्क्का = २०

मी काही बोलले नाही. दुधाला उतू जाऊ दिलं.

“फक्त,” तो म्हणाला, “गाडी जरा जड वाटते.
तुला पंधरा केलं तर चालेल?”

मी पुन्हा डोळे मिटले, अंगठा टेकवला.
नवी टिकली आहे, ताठ.
पंधरा पुरे, म्हटलं.
दोन हिवाळे झाले की वीस कर.