आज बोट नाही

फळ्यावर खडूनं लिहिते: आज बोट नाही.
खाली तारीख, पाच डिसेंबर.
कालचं पुसायचं कशाला, मजकूर तोच आहे,
आकडा तेवढा ओल्या बोटानं बदलते.

तिकिटं मीच विकते, टपालही माझ्याकडेच,
आणि दुकानात कांदे, मेणबत्त्या, उंदरांचं औषध.
हिवाळ्यात या बेटावर आम्ही एकतीस माणसं.
बत्तीस म्हणायचं तर पांडेलीसचं गाढव धरावं लागतं,
आणि ते धरतातच,
शिरगणतीवाले सोडून सगळे.

उद्या संत निकोलासचा सण.
दर्यावर्द्यांचा कैवारी तो. त्याचं चर्च धक्क्याच्या टोकाला,
एवढंसं, की आत पाच जण शिरले
तर सहाव्यानं श्वास बाहेर सोडून यावं.
पाद्री शेजारच्या बेटावरून येतो. बोटीनं.
माझा मुलगा पिरेअसहून येणार होता, बोटीनं;
नाव त्याचंही निकोलास, म्हणून सण त्याचाही.
थेमेलिनाला कणकेत घालायला मस्तकीचा डिंक हवा होता.
तोही बोटीनं.

वारा दक्षिणेचा, नऊ नंबरचा.
हा सुटला की दारं फुगतात, गुडघे धरतात,
मिठानं खिडक्या आंधळ्या होतात,
आणि मिखालीस न् स्टेर्गोस, सख्खे भाऊ,
कुणाच्या शेळीनं कुणाचं अंजीर खाल्लं
ते अकरा वर्षांपूर्वीचं उकरून
पुन्हा अबोला धरतात.

रात्री वीज गेली.
थेमेलिनानं तरी लाकडाची भट्टी पेटवली.
पाच पाव. लाकडी शिक्का दाबून, वर तीळ लावून.
सकाळी चर्चमध्ये ओळीनं ठेवले पांढऱ्या फडक्याखाली,
तान्ही पोरं झोपवावीत तसे.
आशीर्वादाशिवाय मोडायचे नाहीत.
आणि आशीर्वाद पलीकडच्या बेटावर,
छपराखाली, कोरडा.

थांबलो. करणार काय.
शाळेच्या बाईंनी (मुलं चार, बाई एक)
प्रार्थनेच्या दोन ओळी म्हणून बघितल्या.
पांडेलीसला शंका आली:
बाई थेसालोनिकीच्या,
त्यांचे उच्चार इथल्या संताला कळतील का?

दुपारी एक मासेमारीचा ट्रॉलर बंदरात शिरला.
शिरला कसला, लाटेनं थुंकला.
कप्तान आणि पाच इजिप्शियन खलाशी.
दोर फेकला, हुकला. पुन्हा फेकला, हुकला.
तिसऱ्यांदा मिखालीस न् स्टेर्गोसनं एकदमच पकडला,
आणि सोडता येईना, म्हणून बोलावं लागलं.
"ओढ." "ओढतोय." एवढंच. पण बोलले.

दोन दिवस त्यांच्या बोटीवर चूल पेटली नव्हती.
माझ्या दुकानात कांदे, मेणबत्त्या, उंदरांचं औषध.
थेमेलिना उठली,
फडक्यासकट पाचही पाव उचलून घेऊन आली.
कुणीतरी म्हणालं, "अगं, अजून आशीर्वाद..."
"कैवारी कुणाचा आहे तो?" ती म्हणाली. "शेळ्यांचा?"

त्यांच्यातला वयस्क, रगब नाव त्याचं,
पाव हातात घेऊन मोडण्याआधी
ओठातल्या ओठात काही पुटपुटला, अरबीत.
ओठ फुटलेले, मीठ वाळलेलं.
थेमेलिना ऐकत राहिली, तो थांबेपर्यंत.
मग म्हणाली, "झालं. मोडा आता."

आम्हीही खाल्ला.
मस्तकी नव्हती, ते कळत होतं.

बोट आठ तारखेला आली:
गॅसच्या टाक्या, टोमॅटो,
आणि उलट्या करकरून लिंबासारखा पिवळा पडलेला पाद्री.
मुलगा नाही.
त्याची रजा धक्क्यावरच संपली, बाकावर दोन रात्री काढून
तो कामावर गेला. पिशवीत माझ्यासाठी घेतलेले लोकरी मोजे
त्यानं बोटीवरच्या पोऱ्याबरोबर पाठवले. एक नंबर मोठे.

पाद्र्यानं चर्चमध्ये डोकावून विचारलं, "पाव कुठायत?"
सगळे छताकडे बघायला लागले,
गळतंय का ते.

मी जाऊन फळा पुसला.
आज बोट आहे, असं मी कधीच लिहीत नाही.
दिसतेच की.