पाचवीची रात्र

सोहारच्या इस्पितळात रात्री पावणेतीनला
बाटली ओरडली.
रक्ताची बाटली. यंत्राला एवढंच कळतं
की आत काहीतरी वाढतंय.

लेबलवर नाव असतं. आम्ही नंबर वाचतो.
काचेवर थेंब, ज्योत, जांभळा रंग, आयोडीन,
धुणं, गुलाबी रंग, पुन्हा धुणं.
मग भिंगाखाली ते:
जांभळे मणी, एकाला एक लागून ओवलेले.
देखणे असतात, खोटं कशाला बोलू.
कुणी दुपारी फुरसतीत बसून सर ओवावी तसे.

मग नाव वाचलं.
हेमांगी गुरुदास धुरी.
आमच्याच इमारतीतली, दुसरा मजला,
दारात वाळूने भरलेलं पायपुसणं.

रविवारी मी तिच्याकडे अळीवाची खीर घेऊन गेले होते.
दुसराच दिवस. एसी बंद, बाहेर पंचेचाळीस डिग्री,
कुडाळहून आई फोनच्या पडद्यावर:
शेगडी नसली तर केस सुकवायच्या यंत्राने शेक गो.
आम्ही हसलो. हेमांगी टाके सांभाळत हसली.
माझी मैथिली, सहा वर्षांची,
बाळाचे तळवे बघून झाल्यावर तिच्या कुशीत शिरली.
मावशी, माझा घसा दुखत होता, आता नाही दुखत.
हेमांगीने तिच्या गळ्याचा पापा घेतला.

मंगळवारी तिला हुडहुडी भरली.
आई म्हणाली, दूध उतरताना ताप येतोच.
मीही म्हणाले, येतोच.
मी. अठरा वर्षं काचा बघणारी.

वॉर्डात फोन लिसम्माने उचलला.
साखळ्या, मी म्हणाले. साखळ्या आहेत.
ती गप्प. मग म्हणाली, पोट फळीसारखं झालंय,
डॉक्टर बुथैना निघाल्यात घरून,
पेनिसिलिन दुपारीच सुरू केलंय,
आता दुसरं चढवतो, विष थांबवणारं.

त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावर
गुरुदासने सासूच्या सांगण्यावरून
पाटावर कोरा कागद ठेवला होता, टोपण काढलेलं पेन,
सटवाईला लिहायला.
बाळ शेजारणीकडे, बाटलीच्या दुधावर.
तो एकटाच, दिवा विझू नये म्हणून बसलेला.
मी रिपोर्टात वेळ लिहिली: तीन वाजून चार मिनिटं.
सही केली.

पहाटे गर्भाशय काढलं.
ती वाचली.

संध्याकाळी ताटली उजेडात धरली.
लाल रक्ताच्या थरावर बारीक ठिपके
आणि प्रत्येकाभोवती स्वच्छ गोल.
तिथलं रक्त असं खाल्लेलं
की पलीकडची अक्षरं वाचता येत होती.

घरी मैथिलीला म्हटलं, आ कर.
चमच्याचा दांडा, मोबाइलचा उजेड. घसा गुलाबी, साधा.
तरी काडी फिरवली.
दुसऱ्या दिवशी रात्रपाळीत, नंबर न घालता, ताटलीवर ओढली.
उगवलं. तसेच गोल.
माळ तीच की दुसरी, हे आमच्या प्रयोगशाळेत कळत नाही.
मस्कतला पाठवलं तर कळतं म्हणे.
मी मैथिलीला दहा दिवस औषध दिलं, घड्याळ लावून,
आणि ती ताटली लाल पिशवीत टाकली.

महिन्याने गुरुदास माझा खिरीचा डबा घेऊन आला.
रिकामा कसा द्यायचा, म्हणून आत खजूर.
हेमांगीने विचारलंय, तो म्हणाला,
मैथिली हल्ली येत नाही ती?