पोटात

पोटात दुखतंय, एर्मेक म्हणाला.
पोटात, बाप म्हणाला.
केसपेपरवरही तेच.

नारीनच्या इस्पितळात रात्रीची सोनोग्राफी माझ्याकडे.
जेलची बाटली मी कोटाच्या खिशात ठेवते,
तेवढी तरी ऊब.
हीटर एकच आहे, तो मशीनपाशी.
मशीन गारठलं की रुसतं.
माणसं सोसतात.

वय एकोणीस.
वरच्या कुरणावरून साडेतीन तास
जीपच्या मागच्या सीटवर, गुडघे छातीशी घेऊन.
बाहीला घोडीच्या दुधाचा आंबूस वास.

उजवं मूत्रपिंड स्वच्छ. डावंही.
खडा नाही, नळ्या फुगलेल्या नाहीत,
मूत्राशय भरलेलं, काळ्या तळ्यासारखं निवांत.
पडद्यावर कुणीच ओरडत नव्हतं
आणि हा ओठ चावून रक्त काढत होता.

तोक्तोसून आके, बाहेर चहा मिळतो, मी म्हटलं.
बाहेर चहा मिळत नाही.
दार लावून घेतलं. भिंतीकडे बघत विचारलं,
खरं कुठे?

त्या जागेला आमच्या बोलीत शब्द आहेत,
पण काही शिवीत राहतात, काही पुस्तकात,
मधे कुणीच नाही.
खाली, तो म्हणाला. डोळे मिटून.
कधीपासून?
मेंढ्या कोंडल्या तेव्हापासून.

बोटांवर मोजलं. पाच तास.
सहानंतर फारसं काही हाती लागत नाही.

डॉप्लर लावला.
डावीकडे तांबडं, निळं, लुकलुक.
उजवीकडे करडं.
गेन वाढवला. करडंच.
दावं पीळ खातं तशी आतली दोरी पिळलेली,
आणि रक्त दाराशी येऊन परत फिरलेलं.

सर्जन वीस मिनिटांवर.
फोनवर मोटार सुरू करत म्हणाला,
पुस्तक उघडतो तसं, बाहेरच्या बाजूला.
तू फिरव. मी निघालो.

एका हातात प्रोब, दुसऱ्याने फिरवलं.
तो किंचाळला. आणखी अर्धा वळसा.
मग करड्यात
एक तांबडा ठिपका,
विझला,
पुन्हा आला, आणि सोबत आणखी दोन.
त्याने इतका लांब श्वास सोडला
की पडद्याची काच धुरकटल्यासारखी वाटली मला.
काच कोरडी होती. डोळे माझे.

टाके तरी घालावे लागणारच होते.
संमतीवर सही त्याने स्वतः केली, वाकडीतिकडी.
अहवालात मी सगळं लिहिलं, बाजू, वेळ,
दोन वाजून सत्तेचाळीस.

बाप दाराबाहेर उभाच होता, टोपी हातात.
पोटातच होतं ना?

स्ट्रेचरवरून एर्मेक माझ्याकडे बघत होता.

हो, म्हटलं. पोटातच.
आणि पोटातच ठेवलं.