बारा अँपिअर

आर्वाइखेरच्या वेशीवर, पत्र्याच्या शेडमध्ये
ओयुनदेल्गेर बॅटरीची बुचं काढते,
नळीत आम्ल ओढून आकडा वाचते.
अकराशे चाळीस.
"रिकामी आहे. रात्री बाहेर राहिली असती
तर गोठून फुटली असती."

मेंढपाळ पोरगा घाईत.
"चाळीसवर लाव ना, तीन तासांत निघतो."
ती खडूने भिंतीवर मांडते:
एकशेवीस भागिले दहा.
"बारा. सकाळी ये, नाहीतर बस इथंच.
लावतोस कशाला हिला?"
पोरगा बुटांकडे बघतो.

"वीस तास पुरवलीस तर सगळं देते.
तासाभरात ओरबाडलीस तर निम्मं.
बाकीचं आत असतं रे,
हाताला लागत नाही एवढंच."
चहात मीठ टाकत ती हे सांगते,
जसं गिऱ्हाइकांना रोज सांगते.

बाहेर उणे एकतीस.
काटा बारावर, किंचित थरथरत.

पहाटेकडे पोरगा आपणहून बोलतो.
बाप गेला. एकोणपन्नास दिवस व्हायचेत अजून.
रेडिओ त्याचाच, आणि दिवा,
रात्रभर चालू ठेवतो.
ऊन तर आठवडाभर नाही.

ओयुनदेल्गेर उठते.
सहाही खणांत बुडबुडे धरू लागलेत.
ती काटा सहावर आणते,
आणि शेगडीत आणखी एक शेणी सारते.