अर्ध्या इंचाचा वॉशर

बाळ्ळीच्या चढावर माझं हार्डवेअरचं दुकान.
शटर अर्धं वर गेलं की खालून आधी दिसायच्या
रबरी चपला, चुन्याने पांढऱ्या पडलेल्या,
मग आवाज: "शाणूशेट, अर्ध्या इंचाचा वॉशर."

सात वर्षं मी इगर्जीला वॉशर पुरवले.
एवढे नळ नाहीत तिथे.
एकच आहे, विहिरीकडचा. तो गळायचा,
आणि पाद्री कुस्तोदियो त्याच्यापुढे हार मानायला तयार नव्हते.

पाद्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे येईल पांढरा झगा.
तो असायचा. रविवारी, अन् मयताला.
बाकी दिवस बनियन, खाकी हाफपँट,
कानावर सुताराची चपटी पेन्सिल.
ती एकदा प्रवचनभर कानावरच राहिली म्हणे,
आणि रेमेदीस मावशी पुढच्या बाकावरून
खुणा करून करून थकल्या.

वाकलेला खिळा ते दगडावर ठोकून सरळ करत.
नवा घ्या म्हटलं तर म्हणत,
"वाकलेल्यांसाठीच तर ठेवलंय मला इथे."
आणि स्वतःच हसत.
विनोद जुना. मी दर वेळी हसायचो.
गिऱ्हाईक होतं.

ऑक्टोबर सरता सरता, मेल्यांच्या दिवसाआधी
सिमितेरीतलं गवत कंबरेला लागतं.
मी चुन्याची पोती टाकायला गेलो,
तर कोयता भिंतीला टेकवून हे गुडघ्यांवर बसलेले,
दात घासायच्या जुन्या ब्रशने
एका क्रुसाचं शेवाळ काढत होते.
त्याच्यावर नावच नव्हतं.
"कोण हा?"
"कोणास ठाऊक," म्हणाले,
"पण ह्याच्या शेवाळाला भारी जोर."

मग ती घंटेची दोरी.
काथ्याची सडली, तेव्हा मी नायलॉनची दिली,
बारा मिलिमीटर, अठरा मीटर.
स्वतःच चढले वर. गाठ मारताना हात सुटला
आणि भर दुपारी तीनला घंटा वाजली.
एकदाच.
एकच टोला म्हणजे इथे मरण.
पोदेराने सायकल थांबवली.
तळीवर कपडे आपटणाऱ्या बायकांचे हात
वरच्या वर राहिले.
माझी आई, जिचा इगर्जीशी संबंध
फेस्तातल्या चण्यांपुरता,
ती उंबऱ्याशी आली आणि तिने हात जोडले,
कोण गेलं ते कळायच्या आधीच.
वरून हाक आली,
"कोण नाही! कोण नाही! दोरी!"
गाव हसलं.
पण तेवढा वेळ आम्ही सगळे
एकाच माणसासाठी थांबलो होतो,
जो नव्हताच.

पैसे सोमवारी मिळायचे, सगळे सुटे,
दानपेटीतले, मेणाचा वास येणारे.
त्यातलीच नाणी पुढे
गणपतीच्या वर्गणीत गेली असणार.
मी कधी तपासलं नाही.

मे महिन्यात त्यांची बदली झाली.
आदल्या दिवशी आले, उधारी फेडली,
माझी शिडी परत केली,
तिसऱ्या पायरीला नवी फळी मारून,
आणि कागदाच्या पुडीत अकरा स्क्रू.
"हे उरले."
विकलेला माल परत घेतला जाणार नाही
अशी पाटी आहे माझ्या डोक्यावर.
त्यांनीच रंगवून दिलेली.
मी पुडी घेतली.

नवे पाद्री तरुण आहेत, चांगले आहेत.
मडगावचा प्लंबर बोलावतात.
त्याने नळच बदलला, स्टीलचा बसवला.
गळत नाही.

सकाळी शटर अर्ध्यावर नेऊन
अजून मी जरासा थांबतो.
खालून रस्ता दिसतो. कधी एखादं कुत्रं.
स्क्रूंमधले दोन विकले परवा.
नऊ आहेत.