शिल्लक माल

एकतीस मार्चच्या रात्री बारा वाजता
रेडिओचं ऑनलाइन दुकान बंद होईल,
असं परिपत्रक आलं दोन ओळींचं, खाली तीन सह्या.
माझी त्यात असायचं कारण नव्हतं.
मी फक्त पार्सलं बांधायचो.

आल्तिनोच्या टेकडीवर, जुन्या नाटक-स्टुडिओत
माझं टेबल, वजनकाटा, चिकटपट्टी.
भिंतींना अजून भोकाभोकांचे पुठ्ठे.
तिथं आवाज घुमत नाही.
पट्टी फाडली तरी वाटायचं
कुणीतरी लांबच्या खोलीत फाडतंय.

मोजदादीला मी आणि रुझार कुलासो.
मग त्रेचाळीस, पैकी कान तुटलेले चार.
छत्र्या अकरा, वर केंद्राची फ्रिक्वेन्सी
पावसात न टिकणाऱ्या शाईनं.
भिंतीवरची घड्याळं सहा. पाच बंद,
एक चालू, तेही नऊ मिनिटं मागे.
रेडिओचं घड्याळ आणि मागे? रुझार हसला.
मग कोण जाणे का,
दोघांनीही ते लावलं नाही.

घुमट आरत्यांच्या सीडी एकशे बारा.

‘सीडी घेतं कोण आता?’ वरून विचारलं होतं.
मी उत्तर टाइप केलं होतं, पाठवलं नव्हतं:
सावईवेऱ्याच्या कुमुदिनी वेरेकर घेतात.
चार वर्षांत पाच वेळा, तीच सीडी.
एकदा मीच फोन केला, म्हटलं बाई,
लेझरनं तबकडी झिजत नाही, पहिलीच चालेल.
‘मग तो बारीक का होत चाललाय?’
कोण तो?
‘सातव्या मिनिटाला खोकतो तो. माझा भाऊ, गुणाजी.
घुमट वाजवताना तोंड कुठं झाकणार?’

मूळ टेपच्या डब्यावर
कुणा इंजिनियरनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
खोकला – कापावा.
कापला नाही. विसरला असेल,
की चहाची वेळ झाली असेल,
की त्यालाही कुणी भाऊ होता,
हे आता कोणत्या रजिस्टरात बघायचं?

एक तारखेला सकाळी बाईंचा फोन.
नातवाच्या मोबाइलवर नुसतं येतंय,
दुकान बंद आहे. म्हणजे जेवायला गेलात का?
मी म्हटलं, नाही, बंदच.
‘बरं,’ म्हणाल्या, आणि फोन ठेवला नाही.
मीही नाही.

रुझारनं तेवढ्यात आकडा खोडला.
सीडी – एकशे अकरा. खाली: फुटलेली – एक.
सरकारी रजिस्टरात इतक्या सुंदर अक्षरात
खोटं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.
‘व्हर रे,’ म्हणाला, ‘फुटलेलें कोण विचारता?’

फोंड्याहून केरीवरून बस.
मांडीवर पार्सल, सवयीनं चारी कडा बांधलेल्या,
वर तिकीट नाही, शिक्का नाही,
पाठवणाऱ्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना
म्हणून ती जागा कोरी.

कुळागरातून उतरत गेलं की घर.
पाटाचं पाणी सोडलेलं, सुपारीच्या झावळ्या ओल्या.
बाईंनी सुरी आणली, पट्टी कापली,
ती नीट उलगडून खांबाला चिकटवून ठेवली, पुढं लागेल म्हणून.
प्लेअर सुरू केला. आरती लागली.
मी काही बोलणार, तर हात वर केला त्यांनी,
लहान मुलाला थांबवावं तसा.

खोकला.
खरंच, बारीकसा.
घुमटाचा एक ठोका त्यात चुकलेला,
कासाळं वाजवणाऱ्यानं तो सांभाळून घेतलेला.
इतकी वर्षं मी हे वजन करून पाठवत होतो,
ऐकलं आज.

पैसे किती, त्यांनी विचारलं.
किंमत दुकानाबरोबरच गेली होती.
मग आत जाऊन त्यांनी जायपत्री आणली,
वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातावर ठेवली.

परतीच्या बसमध्ये ती तळव्यावर तोलत राहिलो.
दोनशे ग्रॅम असेल.
थोडी जास्तच.