गुडघे

शहरात माझं काम झेरॉक्सचं.
मार्चमध्ये हॉटेलात परिषद होती, तीस कलमांच्या
दोनशे प्रती, स्टेपल करून, आमच्या भाषेत.
एक टायवाला म्हणाला, हे सगळं तिकडचं, आमच्या मातीत रुजायचं नाही.
एक बाई म्हणाली, माणूस इथूनतिथून सारखाच.
दोघं कॉफीला एकाच रांगेत उभे राहिले.
मी मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होते.
खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं,
आणि पाच वाजता माझी मिनीबस होती.

नारीनला पोचले तर अंगणात मेंढा सोललेला.
भावानं मुलगी आणली होती.
आणली म्हणजे, तिघा मित्रांनी धरून, गाडीत घालून.
बेगिमाय. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला.
कोपऱ्यात पडदा, पडद्यामागे ती,
आणि तिच्याभोवती आम्ही सगळ्या, पांढरा रुमाल घेऊन.
रुमाल डोक्यावर बसला की लग्न लागलं.
ती तो काढून फेकायची. आम्ही झटकून पुन्हा बांधायचो.
आई म्हणाली, मीही रडले होते.
काकू म्हणाली, मीही.
रडणं म्हणजे जकात. आम्ही भरली, आता तू भर.

रुमालाचं एक टोक माझ्या हातात होतं.
हे कुठल्या अहवालात येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

हक्क हा शब्दही आमचा नाही.
अरबांकडून आला, उंटावरून, मिठाच्या गोणीशेजारी बसून,
आणि आमच्या डोंगरांत पोचेस्तोवर झिजून त्याचा अर्थ उरला मजुरी:
मेंढपाळाला वर्षाअखेर जे द्यायचं ते.
ज्यांनी तो मोठा कागद लिहिला
त्यांच्यातल्या काहींच्या खिशात तेव्हा
दुसऱ्यांच्या देशांच्या किल्ल्या होत्या.
टायवाला हे म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं.
पण त्याला कुणी गाडीत घातलं नव्हतं.

बेगिमायनं कलमं वाचली नव्हती.
ती नुसती नको म्हणत होती,
घसा बसल्यावर ओठांनी.

पहाटे ती उठली. तेव्हा बात्मा आजी जाऊन
उंबरठ्यावर आडवी झाली. रीतच आहे ती.
म्हातारीला ओलांडून गेलेल्या पोरीची
कूस उजवत नाही म्हणतात. सगळ्या थांबतात.
माझी आई थांबली होती.
आजी स्वतः थांबली होती, सतरा वर्षांची,
अशाच कुणा म्हातारीच्या अलीकडे.

ब्याऐंशी वर्षांचं अंग, दाराच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत.
फटीतून बर्फाची हवा येत होती.
बेगिमाय पुढ्यात उभी. अनवाणी.
किती वेळ, सांगता येत नाही. समोवार निवला.

मग आजीनं गुडघे पोटाशी घेतले.

एवढंच. वीतभर जागा झाली,
एका पावलापुरती.
बेगिमायनं कुणालाही ओलांडलं नाही.

आईनं हंबरडा फोडला. भाऊ अंगणात धावला,
काकानं त्याचा दंड धरला, का धरला ते मला आजही कळलेलं नाही.
मी माझे गमबूट उचलले आणि फाटकाबाहेर पळाले.
तिनं ते घातले, माझ्याकडे न बघता.
बरोबरच होतं.

नंतर आजीला मी विचारलं.
वाटलं, काही बोलेल,
पुढच्या परिषदेत भिंतीवर लावता येईल असं.
गुडघे आखडले होते, म्हणाली. जमीन गार होती.
आणि चहात मीठ कमी आहे, म्हणाली.

भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही.
गमबूट परत आले नाहीत.
माझा नंबर एकोणचाळीस. तिला सैल झाले असतील,
चढावर तर नक्कीच.